वासराच्या शिंगाला वळण लावताना
लाल कंधारी पाळणाऱ्या घरांसाठी चार उपयोगी गोष्टी

लाल कंधारी जनावराची पारख करणारा माणूस आधी रंग पाहतो, मग डोळे पाहतो आणि लगेच नजर शिंगांवर नेतो. रंग गडद लाल, डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखे काळे कडे, कपाळ रुंद आणि किंचित फुगीर, कान लांब व खाली लोंबणारे, आणि शिंगे मध्यम लांबीची, दोन्हीकडे सारखी वळलेली. असे जनावर दावणीला असले की घरधन्याची मान आपोआप ताठ होते. पण हेच सगळे ठीक असून एक शिंग वर आणि दुसरे आडवे गेलेले असले, की बघणारा हळूच म्हणतो, “बाकी चांगलं आहे हो, पण शिंगात मारलं.” किमतीतही तेवढी घासाघीस होते.

म्हणूनच वासरू लहान असतानाच त्याच्या शिंगांना वळण लावण्याची खटपट आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कोणी दोरी बांधतो, कोणी शिंगे साळून घेतो, कोणी तेल लावून रोज हाताने चोळतो. यात शहाणपण किती, निव्वळ समजूत किती आणि जनावराचे नुकसान किती, हे नीट पारखून घेणे जरूर आहे. कारण शिंग म्हणजे निव्वळ दागिना नव्हे. तो जनावराचा जिवंत अवयव आहे.

शिंग आतून कसे असते?

वासरू जन्मते तेव्हा त्याला शिंगे नसतात, नुसते कोंब असतात. कपाळाच्या दोन्ही कडांना केस बाजूला सारून बोट फिरवले तर बारीक गाठ हाताला लागते. पहिले सुमारे दोन महिने हा कोंब कातडीतच असतो. कवटीच्या हाडाला तो चिकटलेला नसतो, म्हणून बोटाने जरा इकडे-तिकडे हलतो. पुढे तो हाडाला घट्ट जुळतो आणि मग खरे शिंग वर येऊ लागते.

वाढलेल्या शिंगाचे दोन भाग असतात. बाहेरचे टरफल म्हणजे आपल्या नखासारखा, जनावराच्या खुरासारखा पदार्थ. त्यात जीव नसतो. पण त्या टरफलाच्या आत हाडाचा गाभा असतो, आणि गाभा व टरफल यांच्यामध्ये रक्तवाहिन्या आणि संवेदना असलेला जिवंत पडदा असतो. जनावर सहा-आठ महिन्यांचे झाले की डोक्याच्या हाडातली हवेची पोकळी हळूहळू शिंगाच्या गाभ्यातही शिरू लागते. म्हणून मोठ्या जनावराचे शिंग बुडातून मोडले तर ती जखम थेट मस्तकातल्या पोकळीशी जोडली जाते. एवढी गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढचे बरेचसे सांगणे आपोआप पटेल.

शिंग वाढते ते बुडाकडून. टोक हा सगळ्यात जुना भाग आणि बूड हा सगळ्यात नवा. वळण लागते ते या नव्या, वाढत्या भागाला. म्हणून वळण लावायचे तर वाढीच्या वयातच, साधारण सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत. एकदा खोंड जुळत आला की शिंगाचे वळण कायमचे झाले असे समजावे. त्यानंतर बळजबरी केली तर शिंग वळत नाही, दुखावते मात्र.

शिंग वाकडे का जाते?

पुष्कळदा दोष रक्तात असतो. पण पुष्कळदा तो गोठ्यातही असतो. आपल्या गोठ्याकडे एकदा या दृष्टीने पाहा.

पहिली चूक दाव्याची. वासरू दांडगे झाले, गळ्यातले दावे काढून घेऊ लागले, की कोणीतरी दावे शिंगाच्या बुडाला अडकवतो. वासरू रोज त्याच बाजूने ओढ घेते आणि कोवळे शिंग त्या ओढीने कलते. शिवाय बुडाशी दोरी घासून जखम होते. वासराला बांधायचे ते गळ्याला किंवा म्होरकीला. शिंगाला नाही.

दुसरी चूक गव्हाणीची. गव्हाण अरुंद, खांब जवळ, समोर कुडाची भिंत. वासरू चारा खाताना रोज एकच शिंग खांबाला घासते. गव्हाणीची तोंडाकडची जागा अशी ठेवा की वासराला मान दोन्हीकडे मोकळी हलवता येईल.

तिसरी गोष्ट झुंजीची. एकाच आवारात लहान-मोठी वासरे मोकळी सोडली की ती डोकी लढवतात. खेळण्यापुरते ठीक. पण मोठ्या खोंडाने कोवळ्या कोंबावर टक्कर दिली तर कोंबाला मार बसतो आणि ते शिंग पुढे खुरटे किंवा आडवे येते.

चौथी गोष्ट खाण्याची. शिंगाची वाढ अंगाच्या वाढीबरोबर चालते. ज्या उन्हाळ्यात वासरू अर्धपोटी राहिले, त्या उन्हाळ्याची खूण शिंगावर खोलगट वेढ्याच्या रूपाने उमटते. मराठवाड्यात दुष्काळ नवा नाही. अशा वर्षी गाय आटली तरी वासराच्या तोंडचे दूध तोडू नका. लाल कंधारी गाय एका वेतात सरासरी सहाशे लिटरच्या आसपास दूध देते. त्यातला वासराचा वाटा काढून घेतला तर बाजारात मिळतील चार पैसे, पण खोंडाच्या अंगात आणि शिंगात ती कसर कायमची दिसेल.

वळण लावावे तर कसे?

गोठा सुधारला, दावे बदलले, तरी एखादे शिंग जरा खाली पडते किंवा बाहेर जाते. अशा वेळी सौम्य उपाय करता येतो, पण त्याचे नियम पाळायला हवेत.

शिंग निदान चार-पाच बोटे लांब झाल्याशिवाय हात लावू नये. त्याआधी फक्त खोबरेल किंवा करडीचे तेल बोटाने बुडाशी लावावे. तेलाने शिंग वळत नाही, एवढे समजून असावे. पण त्या निमित्ताने वासराला डोक्याला हात लावून घेण्याची सवय होते आणि बुडाशी जखम, गोचीड किंवा सूज असेल तर ती वेळीच दिसते. ही सवय म्हणजेच अर्धे काम. घरातल्या बायामाणसांच्या हाताला वासरू लवकर सरावते, म्हणून हे काम पुष्कळ घरी त्यांच्याकडेच असते आणि ते योग्यच आहे.

एक शिंग खाली पडत असेल तर जाड, मऊ सुती पट्टीने ते दुसऱ्या शिंगाशी सैलसर जोडतात. नायलॉनची दोरी वापरू नये, ती काचते. गाठ टोकाकडच्या अर्ध्या भागात यावी, बुडाशी कधीच नाही. ओढ इतकीच असावी की पट्टीखाली बोट सहज जावे. रोज सकाळी पट्टी तपासावी, चार-आठ दिवसांनी सोडून एक दिवस मोकळे ठेवावे. वासरू डोके झटकू लागले, चारा टाकू लागले किंवा बुडाशी गरम लागले, तर पट्टी त्याच क्षणी काढावी. पट्टी बांधलेले वासरू झुडपात चरायला मोकळे सोडू नये, ते अडकून पडते. आणि हे सगळे करण्याआधी आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना एकदा शिंग दाखवावे. कोंबाच्या हाडातच दोष असेल तर पट्टीने तो जाणार नाही, मग उगीच वासराला त्रास कशाला?

शिंग तापवून वाकवण्याचा सल्ला देणारेही भेटतील. तो मुळीच ऐकू नये. उष्णतेने बाहेरचे टरफल मऊ पडते हे खरे, पण आतला जिवंत पडदा त्याच उष्णतेने भाजतो. वासराला बोलता येत नाही, म्हणून त्याचे दुखणे कमी असते असे नव्हे.

जगात इतरत्र काय करतात?

जनावराच्या रूपाला हाताने वळण लावण्याची हौस आपल्याच मुलखात आहे असे नाही. अमेरिकेत हेअरफर्ड नावाच्या तांबड्या-पांढऱ्या गुरांची शिंगे पुढे आणि खाली वळावीत म्हणून कोवळ्या शिंगांच्या टोकांवर धातूची वजने बसवत. एकेका शिंगावर साधारण पाव किलोपासून पुढे वजन चढवत नेत, आणि काही महिन्यांनी ती काढून टाकत. स्कॉटलंडमधल्या एअरशायर गाईंची शिंगे वर जावीत म्हणून उलट ओढ देणारी साधने वापरत. आफ्रिकेत नाईल नदीच्या वरच्या खोऱ्यातले डिंका आणि नुएर हे गुराखी लोक आपल्या आवडत्या बैलाची शिंगे लहानपणीच तासून हव्या त्या आकारात वाढवतात. त्यांच्यात माणूस आपल्या बैलाच्या नावाने ओळखला जातो, इतके त्या बैलाचे कौतुक.

ही हौस कुत्र्यांपर्यंतही गेली आहे. स्कॉटलंडच्याही उत्तरेला शेटलंड नावाची बेटे आहेत. वारा फार, गवत खुरटे, म्हणून तिथली मेंढरे लहान, घोडी लहान, आणि तिथल्या अल्पभूधारक शेतकऱ्यांनी पाळलेला राखणीचा कुत्राही लहान. हातभर उंचीचा, दाट केसांचा, हुशार. मेंढरे भाजीच्या वाफ्यात शिरू न देणे हे त्याचे काम. १९०८ साली त्या बेटांवरच्या लर्विक गावात या कुत्र्याची पैदास जपण्यासाठी संस्था निघाली. पुढे तो जगभर गेला आणि शेल्टी या लाडक्या नावाने ओळखला जाऊ लागला.

या शेल्टीच्या कानाचा नियम मोठा मजेदार आहे. कानाचा खालचा तीन-चतुर्थांश भाग उभा हवा आणि वरचे टोक पुढे झुकलेले हवे. पण पुष्कळ पिल्लांचे कान सरळ ताठ उभे राहतात. मग पाळणारे लोक पिल्लू दोनेक महिन्यांचे झाले की कानाचे टोक आतल्या बाजूला दुमडून, कातडीला न बाधणाऱ्या डिंकासारख्या चिकट पदार्थाने आतल्या केसांना चिकटवतात. कानाचे कूर्चेचे हाड कोवळे असते, ते त्या घडीत वाढते. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दुधाचे दात पडून नवे येतात, त्या काळात कान कधी उभे, कधी पडलेले, असा खेळ चालतो. म्हणून दात येऊन होईपर्यंत डिंक पुन:पुन्हा लावावा लागतो. रोज कानात डोकावून पाहायचे, वास येतो का, लाली आली का, ओल धरली का. तसे काही दिसले तर तेलाने डिंक सोडवायचा आणि कान मोकळा ठेवायचा. काम किचकट, पण त्यात सुरी नाही, रक्त नाही.

हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे, की आपल्याकडे कुत्र्याच्या कानाशी चालतो तो खेळ वेगळा आहे. लातूर-नांदेड भागात कारवान जातीची सडपातळ, वेगवान कुत्री पुष्कळ आहेत. त्यांचे कान मुळातच लोंबते असतात. शेतावरच्या आणि मेंढरांमागच्या पिल्लांचे कान कापण्याची चाल अजून काही ठिकाणी दिसते. कान कापला की कुत्रा तिखट होतो, अशी समजूत आहे. कुत्र्याचा तिखटपणा रक्तातून आणि शिकवणीतून येतो, कानाच्या लांबीतून नाही. उलट उघड्या जखमेवर माशा बसतात, किडे पडतात, पिल्लू दगावते. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात कलम ११ खाली जनावराचा अवयव असा छाटणे हा गुन्हा आहे. त्याच कलमात गुरांची शिंगे काढणे, खच्चीकरण, वेसण घालणे यांना मुभा आहे, पण तीही ठरवून दिलेल्या रीतीनेच.

शिंगे साळणे : किती आणि का?

आता आपल्या नेहमीच्या विषयाकडे, म्हणजे साळण्याकडे वळू. पोळ्याच्या आधी किंवा यात्रेच्या तोंडावर शिंगे साळून घेण्याची चाल सगळीकडे आहे. बाहेरचे खडबडीत टरफल तासून, घासून, वर तेल लावले की शिंग काचेसारखे चमकते. वरवर घासले तर जनावराला दुखत नाही, कारण बाहेरचा थर निर्जीव आहे. हौसेपुरते एवढे पुरे.

पण साळणाऱ्याचा हात जड असला, किंवा दोन्ही शिंगे बारीक आणि सारखी दिसावीत म्हणून खोलवर तासले, की शिंग पातळ होते. हाताला गरम लागू लागते, गुलाबी छटा दिसते, कधी रक्ताचा थेंब येतो. याचा अर्थ पाते जिवंत पडद्याला भिडले. असे पातळ शिंग उन्हात तापते, टकरीत तडकते आणि आतल्या भागाला वारंवार त्रास पोचतो.

आपल्या देशातल्या गुरांना, त्यातही बैलांना, शिंगाचा कर्करोग होतो. हा रोग पाच ते दहा वर्षांच्या, म्हणजे ऐन कामाच्या वयातल्या जनावराला बहुधा गाठतो. शिंगाला वारंवार होणारी इजा, उन्हाचा ताप, जुवाचे किंवा दोरीचे घासणे, साळणे आणि रंग या गोष्टींचा या रोगाशी संबंध असावा, असे पशुवैद्य मानतात. प्रत्येक साळलेल्या शिंगाला रोग होतो असे नव्हे. पण जोडीतला एक बैल गेला तर ऐन पेरणीत घराचे काय होते, हे तुम्हाला सांगायला नको.

रोगाची लक्षणे पाठ करून ठेवा. बैल सारखे डोके झटकतो. शिंग खांबाला घासतो. डोके एका बाजूला कलते धरतो. त्या बाजूच्या नाकपुडीतून रक्ताळ पाणी येते. शिंगाचे बूड मऊ लागते, आणि पुढे शिंग खाली लोंबते. यातले एकही लक्षण दिसले तर “मार लागला असेल” म्हणून वाट पाहू नका. सुरुवातीला डॉक्टर भूल देऊन शिंग बुडातून काढतात आणि पुष्कळ जनावरे पुन्हा कामाला लागतात. शिंग लोंबेपर्यंत थांबलात तर रोग मस्तकाच्या पोकळीत पसरलेला असतो, आणि मग इलाज अवघड होतो.

रंगाचेही तेच. पोळ्याला शिंगे रंगवणे ही आपली हौस आहे आणि ती असावी. खांदेमळणी, झूल, गोंडे, बाशिंग, पितळी शेंब्या, या सगळ्यात वर्षभर राबलेल्या बैलाविषयीची कृतज्ञता आहे. फक्त दारे-खिडक्यांना लावायचा तैलरंग शिंगाला फासू नका. तो महिनोन्‌महिने निघत नाही, आणि काढायचा म्हणून पुन्हा शिंग खरवडावे लागते. जुन्या काळी हिंगूळ वापरत. पण अस्सल हिंगूळ म्हणजे पाऱ्याचा क्षार, आणि जनावरे एकमेकांना चाटतात, हे लक्षात ठेवा. तेलात कालवलेला गेरू लावावा. दिसतो झकास आणि चार दिवसांत धुऊन जातो. शेंब्याही सणापुरत्याच घालाव्यात. घट्ट शेंब्यांच्या आत पाणी साचते.

शिंग मोडले तर

शिंगाचे नुसते टरफल निघाले आणि आतला गाभा रक्ताने माखलेला दिसला, तर घाबरू नका. स्वच्छ कपड्याने दाबून रक्त थांबवा. टिंक्चर बेंझॉइनमध्ये भिजवलेली पट्टी गाभ्यावर गुंडाळण्याची पद्धत दवाखान्यात वापरतात. ती डॉक्टरांकडून बांधून घ्या. शेण, राख, चुना यांतले काही जखमेत भरू नका. पावसाळ्यात माशी बसून किडे पडतात, म्हणून जखमेच्या कडेने कडुनिंबाचे तेल लावा आणि जनावर अंधाऱ्या, कोरड्या जागी बांधा. शिंग बुडातून हलत असेल किंवा नाकातून रक्त येत असेल तर उशीर करू नका. पशुवैद्यकीय फिरत्या पथकासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तो गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा.

बाजारात फसू नका

साळलेल्या शिंगाचा आणखी एक खेळ आहे, आणि त्यात घेणाऱ्याचा खिसा कापला जातो. गाईच्या शिंगावर वेतागणिक एक वेढा उमटतो. वेढे मोजून त्यात दोन मिळवले की वय आले, असा एक ठोकताळा आहे. आपल्या देशी गाई उशिरा वितात, त्यामुळे खरे वय त्याहूनही थोडे जास्तच भरते. म्हातारी गाय तरणी म्हणून विकायची असली, की व्यापारी हे वेढेच साळून गुळगुळीत करतो. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं.

हाळी-हंडरगुळीच्या बाजारात जा, माळेगावच्या यात्रेत जा, नाही तर आपल्या तालुक्याच्या आठवडी बाजारात. चकचकीत शिंग दिसले की आधी जनावराचे तोंड उघडा. कायमचा एकही दात नाही ते आदत. दोन दात साधारण दोन-अडीच वर्षांना, चार दात तीन वर्षांच्या सुमारास, सहा दात साडेतीन-चारला, आणि साडेचार-पाच वर्षांना जनावर जुळते. त्यानंतर दातांची झीज पाहायची. शिंग साळता येते, पडलेला दात परत लावता येत नाही.

बुडाशी बोट फिरवून पाहा. एकाच बाजूला दोरीचा वण आहे का? एक शिंग दुसऱ्यापेक्षा गरम आहे का? दोन्हींची जाडी सारखी आहे का? जनावराने शिंगाला हात लावताच डोके मागे घेतले, तर ते नुसते बुजरे आहे की त्याला तिथे दुखते, हे थांबून समजून घ्या. घाई व्यापाऱ्याला असते, तुम्हाला नसावी.

वळू निवडताना खरी परीक्षा

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. मुलींचे कान आपण पिढ्यान्‌पिढ्या टोचत आलो. म्हणून कधी भोक पडलेल्या कानांची मुलगी जन्माला आली आहे का? नाही. जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट वाइजमान यांनी १८८० च्या दशकात हीच गोष्ट उंदरांवर पडताळून पाहिली. पिढीमागून पिढी उंदरांच्या शेपट्या कापल्या, तरी प्रत्येक नव्या पिढीला पुरती शेपूट आलीच. हाताने लावलेले वळण त्या एका जनावरापुरते असते. ते बीजात उतरत नाही.

डिंकाने झुकवलेल्या कानाच्या शेल्टीला पिल्ले झाली, तर त्यांचे कान आईबापांच्या रक्ताप्रमाणेच येतात, डिंकाप्रमाणे नाही. पट्टी बांधून सरळ केलेल्या शिंगाच्या वळूचेही तसेच. त्याची वासरे पुन्हा पडक्या शिंगांची निघू शकतात. म्हणजे विकत घेणाऱ्याने वळू पाहिला तो एक, आणि गोठ्यात आला तो दुसराच. खाण तशी माती, हे आपल्या वाडवडिलांनी उगीच म्हटलेले नाही.

यावर उपाय सोपा आहे. कामाच्या बैलाच्या शिंगाला वळण लावले तर कोणाचे काही बिघडत नाही. त्याला पुढे प्रजा नाही. पण जो खोंड वळू म्हणून राखायचा किंवा विकायचा आहे, त्याच्या शिंगाला हात लावू नये. लावलाच असेल तर घेणाऱ्याला तसे सांगावे. आणि घेणाऱ्याने एकट्या वळूवर न भुलता त्याची आई पाहावी, बाप पाहावा, मिळाली तर भावंडे आणि आधीची वासरे पाहावीत. दहा वासरांत आठांची शिंगे सारखी असली, तर ते रक्त खरे.

लाल कंधारीच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच जपायला हवी. कंधार, लोहा, मुखेड, बिलोली, अहमदपूर आणि आसपासचा भाग एवढाच या जातीचा मूळ मुलूख. लाखलबुंदा असेही या जनावराला म्हणतात. उन्हाला काटक, हलक्या चाऱ्यावर तगणारे, काळ्या रानात ओढीला मजबूत. ट्रॅक्टर आले, दुधासाठी संकरित गाई आल्या, आणि शुद्ध कंधारी वळू शोधत फिरावे लागते अशी स्थिती झाली. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने देशातल्या ज्या मान्य जातींची नोंद केली आहे, त्यात रेड कंधारी आहे. पण कागदावरची नोंद जात राखत नाही. जात राखली जाते ती तुमच्या-आमच्या दावणीला.

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला माळेगावच्या खंडोबाची यात्रा सुरू होते. हे माळेगाव आज लोहा तालुक्यात आहे, पूर्वी ते कंधार तालुक्यातच मोडे. घोडे, गाढवे, उंट, कुत्री, सगळ्यांचा बाजार तिथे भरतो आणि लाल कंधारी व देवणी जनावरांचे प्रदर्शनही असते. तिथे वळू घेऊन जाणार असाल तर त्याला आठ दिवस आधी रोज खरारा करा, कपाळ आणि कान ओल्या फडक्याने पुसा, शिंगाला तेलाचा हात फिरवा, गर्दीत आणि वाजंत्रीत न बुजता उभे राहण्याची सवय लावा. परीक्षक एकट्या शिंगाला गुण देत नाहीत. रंगात पांढरा ठिपका आहे का, वशिंड आणि पोळी कशी, पाठ सरळ आहे का, चाल कशी, खूर कसे, हे सगळे पाहतात.

तयारीला लागण्याआधी आपल्या गोठ्यातल्या वासरांकडे आजच एकदा पाहून घ्या. कोणाचे दावे शिंगाला आहे ते सोडून गळ्याला बांधा. खांबाला घासून गुळगुळीत झालेली जागा दिसली तर गव्हाण सरकवा. प्रत्येक वासराची आई कोणती, बाप कोणता, जन्म कधीचा, हे मुलांच्या जुन्या वहीत लिहून ठेवायला घरातल्या शाळकरी मुलीला सांगा. दोन-तीन वर्षांनी तुमच्या वळूला कोणी गिऱ्हाईक आले आणि त्याने विचारले, “शिंगं अंगची आहेत की बांधलेली?” तर ती वही त्याच्यापुढे ठेवा आणि त्या वळूची वासरे दाखवा. त्याहून मोठा दाखला कोणत्याही बाजारात मिळत नाही.